पंख्याला हवा मिळेना

ही गोष्ट २०२० सालच्या सप्टेंबरातली आहे. तारीखही सांगते: शनिवार, २६ सप्टेंबर, सकाळी अकरा. त्या वेळेला माझ्या नातीची, मयुरीची, प्रवेशपरीक्षा होती आणि ती घरात बसून संगणकावर द्यायची होती.

माजरीच्या घरात तेव्हा आम्ही तिघं होतो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली मास्तरीण. माझे यजमान हरिदास, कोळसा खाणीतून निवृत्त. आणि मयुरी. तिची आई, म्हणजे आमची मुलगी पिंकी, धानोऱ्याच्या सरकारी दवाखान्यात परिचारिका. तिची नोकरी बदलीची, म्हणून मयुरी अकरावीपासून आमच्याकडेच होती. त्या वर्षी पिंकीची ड्यूटी कोरोनाच्या वॉर्डात होती. मार्चनंतर तिने घराचं तोंड पाहिलं नव्हतं.

परीक्षा सार्वजनिक आरोग्याच्या मास्टर्सची होती. विद्यापीठ दूर, दक्षिणेकडचं. मयुरीने तेवढा एकच फॉर्म भरला होता. खरं तर ही परीक्षा ती एक वर्ष आधीच देणार होती. नागपूरचं केंद्र मिळालं होतं, हॉल तिकीट आलं होतं. त्याच आठवड्यात मी न्हाणीत घसरले आणि मांडीचं हाड मोडलं. पिंकीला रजा मिळेना. मयुरी दवाखान्यात माझ्या खाटेजवळ बसून राहिली आणि परीक्षेचा दिवस निघून गेला. "जाऊ दे ना आजी, पुढच्या वर्षी देईन," एवढंच ती म्हणाली. तिने पुन्हा कधी तो विषय काढला नाही. मला मात्र रोज आठवत होता.

संगणक जुलैत आला. जुनाच होता, पण चांगला. भद्रावतीला तहसीन नावाची माझी एक विद्यार्थिनी संगणकाचे वर्ग चालवायची. टाळेबंदीत वर्ग बंद पडला, तेव्हा तिने त्यातलाच एक आम्हाला आणून दिला, स्वतः जोडून दिला आणि चहा न घेताच गेली, कारण तेव्हा कोणी कोणाच्या घरचा चहा घेत नव्हतं.

माजरीत राहायचं म्हणजे कोळशाच्या धुळीशी रोजचा झगडा. सकाळी पुसलेल्या ओट्यावर दुपारी बोट फिरवलं तर बोट काळं होतं. त्यामुळे इथल्या बायका सगळ्याच वस्तूंना कपडे शिवतात. टीव्हीला, मिक्सरला, पाण्याच्या माठाला, एवढंच काय, बाहेरच्या विजेच्या मीटरलाही. संगणक आल्या दिवशीच मी त्याला फुलाफुलांचं झाकण शिवलं. मयुरी ते काढून काम करायची आणि झालं की परत घालायची.

पहिला महिना बरा गेला. मग संगणकाच्या डब्यातला, म्हणजे सीपीयूच्या आतला, पंखा ओरडू लागला. आधी थोडा वेळ, मग जास्त. सप्टेंबरात तर असा घोंघावायचा की शेजारच्या खोलीत दळण सुरू आहे असं वाटावं. खरं सांगायचं तर मला त्याचा त्रास झाला नाही. आमचं सगळं आयुष्य खाणीच्या मोठ्या पंख्याच्या आवाजात गेलं. जमिनीखाली माणसं काम करत असली की वर तो पंखा रात्रंदिवस फिरायचा, खालची खराब हवा ओढून बाहेर फेकायचा. कॉलनीत लेकरं त्या आवाजावर झोपायची. तो थांबला की उलट आम्ही बायका दचकून दारात यायचो. पंखा बोलतो आहे म्हणजे सगळं ठीक आहे, अशी आमच्या कानांची समजूत. आणि हरिदासांना तर तो आवाज ऐकूच येत नव्हता. चौतीस वर्षं यंत्रांजवळ काढून त्यांचे कान बारीक आवाजांना बंद झाले होते.

"कोनता आवाज?" ते विचारायचे.

"जाऊ द्या आबाजी," मयुरी म्हणायची.

गुरुवारी, म्हणजे परीक्षेच्या दोन दिवस आधी, रंगीत तालीम होती. खऱ्या परीक्षेसारखाच खोटा पेपर. कॅमेरा चालू, माइक चालू, खोलीत दुसरं कोणी नको, मोबाइलवर परीक्षा देता येणार नाही, असे नियम. खोलीत जास्त आवाज झाला तर इशारा, आणि तीन इशारे झाले की पेपर बंद. मी बाहेर ओसरीवर भाजी निवडत बसले होते. अर्धा तासही झाला नसेल. आतून "अरे यार!" असं ऐकू आलं आणि मयुरी दारात येऊन उभी राहिली.

"काय झालं वं?"

"बंद झाला. पंख्यानं तीन इशारे आले. ते मशीन समजते का कोनी घरात बोलून राह्यलं म्हनून."

"पण तू तर एकटीच होती."

"मले माहीत आहे आजी. त्याले कोन सांगनार?"

तिने तहसीनला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. मोबाइल डब्याजवळ नेला.

"या अल्ला," तहसीन म्हणाली. "हे तर विमान उडून राह्यलं! झाकण काढलं का गं?"

"काढलंच आहे, दीदी."

"मग आत धूळ भरली असंल. मी आले असते, पण तुमची गल्ली सील आहे म्हणतात ना?"

होती. चार घरं सोडून एक जण पॉझिटिव्ह निघाला होता आणि ग्रामपंचायतीने गल्लीच्या दोन्ही तोंडांना बांबू आडवे बांधले होते. नवा पंखा मागवायचा तर एवढ्या जुन्या मशीनचा भद्रावतीत मिळत नव्हता, आणि नागपूरहून सोमवारच्या आत येणार नव्हता.

पहिला उपाय मी केला. दोन गोधड्या आणल्या आणि डब्याच्या दोन्ही बाजूंनी नीट खोचून दिल्या, बाळंतिणीला शेकायला बसवतात तसं. आवाज खरंच कमी झाला. मी मयुरीकडे पाहिलं, म्हटलं, झालं की नाही? दहा मिनिटांनी तो असा कोकलला की गोधड्यांमधूनसुद्धा घर भरून गेलं, आणि मग स्क्रीन काळी होऊन मशीन आपोआप बंद पडलं.

"बाई, गोधड्या काढा," फोनवर तहसीन ओरडली. "त्याला ताप आहे आणि तुम्ही त्याच्यावर पांघरूण घालून राह्यल्या!"

दुसरा उपाय शुक्रवारी सकाळी. हरिदासांनी आपली खाणीतली पेटी काढली. पाने, पेचकस, सगळं फडक्यात गुंडाळलेलं. तहसीन फोनवर सांगत होती आणि ते करत होते. वीज बंद केली, वायर काढली, बाजूचं झाकण सरकवलं. आत बघितलं तर पंख्याच्या पात्यांवर आणि खालच्या जाळीत कोळशाची भुकटी लोकरीच्या जाड नमद्यासारखी बसलेली.

"हे तं खानीतल्या आमच्या खालच्या बोगद्यासारखं दिसते," ते म्हणाले.

"काका, पात्याला बोट लावून धरा, फिरू देऊ नका. आणि ब्रशनं झाडा. पंख्याखालचा तो धातूचा ठोकळा मात्र उपसू नका."

रंगाच्या ब्रशने त्यांनी अर्धा तास झाडलं. पंख्याच्या मधोमध चिकटवलेला कागद अलगद उचलून शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडला. झाकण लावलं. चालू यंत्राचं झाकण उघडं ठेवायचं नाही हा त्यांचा जुना नियम, तो घरातही चालतो. मशीन सुरू झालं तेव्हा इतकं शांत होतं की मयुरीने टाळी वाजवली. मी चहा ठेवला. चहा उकळायच्या आत पंखा पुन्हा चढायला लागला. चहा गाळेपर्यंत पहिल्यासारखाच झाला.

मयुरी उठली. तिचा चेहरा मला नीट दिसत होता. रडली नाही. वह्या एकावर एक ठेवल्या आणि म्हणाली, "जाऊ दे आजी. पुढच्या वर्षी देईन."

तेच शब्द. तोच आवाज. माझ्या मांडीच्या हाडात कळ आली म्हटलं तर कोणाला खोटं वाटेल. ती आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली.

हरिदास तिथेच खुर्चीवर बसून होते. "पिंकीची माय," ते म्हणाले, "तो अजून ओरडून राह्यला का?"

"मग काय तर."

त्यांनी लांब पेचकस घेतला, टोक डब्याच्या पत्र्याला लावलं आणि मूठ कानामागच्या हाडाला टेकवली. खाणीत ते असंच ऐकायचे. बराच वेळ डोळे मिटून ऐकलं.

"बेअरिंग साफ हाय," ते म्हणाले. "हा पंखा खराब नाई. ह्याले हवा भेटून नाई राह्यली. म्हनून तो जीव तोडून फिरते."

हे ते बोलले तेव्हा मी लक्ष दिलं, कारण एकदा याच कानांनी माणसं वाचवली होती. १९८८ च्या उन्हाळ्यात ते मोठ्या पंख्यावर खलाशी, म्हणजे यंत्रावरचे कामगार, होते. एका दुपारी पंख्याचा आवाज बदलला, जड झाला. साहेब म्हणाले पट्टा घासत असेल. हे म्हणाले पंखा ठीक आहे, खाली कुठेतरी परतीच्या हवेचा, खराब हवा बाहेर यायचा, रस्ता अडला आहे. माणसं वर काढली, मग कळलं की त्या रस्त्यात छत कोसळून पडलं होतं. सगळे जण चालत घरी आले. तेव्हापासून ते यंत्राकडे बघायच्या आधी हवेच्या वाटेकडे बघतात.

ते उठले, तथागतांच्या फोटोपुढची अगरबत्ती काढून आणली आणि पेटवली.

"आता हे काय?" मी म्हटलं.

"धूर सांगते ना."

त्यांनी अगरबत्ती डब्याच्या पुढच्या जाळीसमोर धरली. धूर आत खेचला जायला हवा होता. तो सरळ वर गेला, शांतपणे, जसा फोटोपुढे जातो. पंखा आत बोंबलत होता आणि धुराला त्याचा पत्ता नव्हता.

"पाह्य," ते म्हणाले. "हवा आत जाऊन नाई राह्यली. आत काऊन जात नाई? कारन बाहेर निघत नाई. मागं काय हाय याच्या?"

मागे भिंत होती. आणि भिंत आणि डबा यांच्यामध्ये काय होतं, ते मला त्या क्षणी आठवलं.

ऑगस्टात मी अंगणवाडीसाठी मास्क शिवत होते. तीन पदरी, आतून फ्लॅनेल, बाहेरून सुती. शंभर-सव्वाशे शिवले असतील. एक दिवस टेबलामागची धूळ झाडताना मला डब्याच्या मागच्या दोन जाळ्या दिसल्या. त्यांच्या भोकांभोवती काळा थर होता. मला वाटलं, इथूनच जाते धूळ आत. मी माप घेतलं, उरलेल्या कापडाचे तीन पदरी दोन चौकोन शिवले, कडेने दुहेरी टीप मारली आणि चिकटपट्टीने दोन्ही जाळ्यांवर पक्के बसवले. झाकण तर काम करताना काढावं लागतं, हे काढायचीच गरज नाही, म्हणून मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. कोणाला सांगितलं नाही, कारण माजरीत वस्तूला कापड शिवणं ही काही सांगायची गोष्ट नसते. नंतर मी ते विसरूनही गेले.

आता मी काय केलं ते खरं लिहिते. मी म्हटलं, "तुम्ही बसा, मागचं मी पुसून घेते." मनात होतं की गुपचूप ते दोन्ही तुकडे काढून पदराखाली घ्यायचे. चाळीस वर्षं लेकरांना खरं बोलायला शिकवलं आणि सत्तरीत पोचल्यावर असं सुचलं.

"तुले पायानं वाकता येते का?" हरिदास म्हणाले. "सरक."

त्यांनी डबा पुढे ओढला. मागे दोन चौकोन. पांढऱ्यावर बारीक निळी फुलं, मधला भाग धुराने माखल्यासारखा काळा. ते बघत राहिले. मग माझ्याकडे बघितलं.

मी आतल्या खोलीत गेले. मयुरी तशीच पडली होती. तिच्या पायाशी बसले आणि म्हटलं, "मयुरी, पंख्याचा दोष नाही. माझा आहे. मी त्याला मागून मास्क लावला."

ती वळली. "काय लावला?"

"मास्क. तीन पदरी."

"कोनाले?"

"संगणकाला."

ती धावत बाहेर गेली. मी काठी शोधत मागून. मला वाटलं आता ही रागावेल, आणि तिने रागवावंच, कारण एक वर्ष माझ्या हाडाने घेतलं होतं आणि दुसरं माझ्या सुईने घेतलं असतं. ती डब्यामागे वाकली, ते बघितलं. मग ती खाली बसली आणि हसायला लागली. हसता हसता डोळ्यांतून पाणी. हरिदासही हसायला लागले, त्यांचं हसणं म्हणजे नुसते खांदे हलतात.

"दोन्ही जाळ्यांले, आजी! दुहेरी टीप मारून!"

"मजबूत हवं म्हणून," मी म्हटलं.

तहसीनला फोन लावला. तिला पुन्हा पुन्हा सांगावं लागलं. मग पलीकडून नुसती खी-खी. "बाई, त्याचा श्वास कोंडला ना! सगळी दुनिया मास्क नाही लावत म्हणून पोलीस फिरून राह्यले, आणि तुम्ही डब्याला पण नाही सोडलं!" मग जरा गंभीर होऊन म्हणाली, "काढून टाका, जाळी झाडा आणि भिंतीपासून हातभर लांब ठेवा. चालू असताना अंगावर काही नको. बंद झाल्यावर घाला काय घालायचं ते."

मीच ती चिकटपट्टी सोलून काढली. मयुरीने जाळ्या ब्रशने साफ केल्या. मशीन सुरू झालं. पाच मिनिटं गेली, दहा गेली. आम्ही तिघंही समोर बसून होतो. अर्धा तास झाला. पंखा फिरत होता, पण आवाज म्हणाल तर कोणी शेजारी झोपून श्वास घेत असावं एवढाच.

"चालू हाय का बंद?" हरिदासांनी विचारलं.

मयुरीने त्यांचा हात धरून मागच्या जाळीसमोर नेला. त्यांच्या तळव्यावर कोमट हवा लागली असणार. त्यांनी मान हलवली. "निघाली परतीची हवा," ते म्हणाले आणि पेटी आवरायला लागले.

शनिवारी सकाळी मी कुकर लावला नाही, पोळ्या आदल्या दिवशीच्याच ठेवल्या. हरिदासांना पलीकडच्या पडवीत बसवलं, कारण त्यांना स्वतःचा खोकला ऐकू येत नाही. गल्ली सील असल्याचा तेवढा एक फायदा झाला. ना ऑटो, ना भाजीवाला, ना भंगारवाला. अकराला मयुरीने दार लावलं. मी दाराबाहेर स्टुलावर बसले, भिंतीला कान लावून. त्या दोन तासांत ऐकलं तेवढ्या लक्षपूर्वक मी आयुष्यात कधी काही ऐकलं नसेल. ऐकायचं काय, तर काही ऐकू येत नाही ना एवढंच.

पावणेबाराला खाणीच्या रेल्वे सायडिंगवर मालगाडीने शिट्टी दिली. लांब, दोनदा. आतून काही आवाज नाही. पंखा चढला का? नाही. मयुरी उठली का? नाही. मी घड्याळाकडे बघत राहिले. बारा वाजले. साडेबारा वाजले. त्यानंतर गाडी आली नाही.

एक वाजून दोन मिनिटांनी दार उघडलं.

"किती इशारे?" मी विचारलं. पेपर कसा गेला हे विचारायचं सुचलंच नाही.

"एक," ती म्हणाली. "मालगाडीचा. पानी दे ना आजी."

मी पाणी दिलं. ती उभ्यानेच सगळं प्यायली आणि म्हणाली, "पूर्ण सोडवला पेपर." मी त्याच स्टुलावर परत बसले. मग आदल्या दिवशीच्या पोळ्या आणि लसणाची चटणी असं जेवलो आणि मी भर दुपारी संध्याकाळपर्यंत झोपले. पिंकीचा फोन आला तोही मला ऐकू आला नाही, हरिदासांना तर नाहीच नाही. मयुरीनेच घेतला.

नोव्हेंबरात यादी लागली, मयुरीचं नाव चौदावं होतं. पहिलं सत्र तिने त्याच मशीनवर केलं, मग ती वसतिगृहात गेली. आता ती गडचिरोली जिल्ह्यात हिवतापाच्या कामावर आहे, दौऱ्यावर असली की हेमलकशाच्या पलीकडच्या गावांपर्यंत मोटरसायकलवर मागे बसून जाते आणि बऱ्यापैकी गोंडी बोलते. तहसीनचे वर्ग पुन्हा सुरू झाले. दोन खोल्यांच्या चार झाल्या आणि तिचा भाऊ जिशान तिच्या हाताखाली काम करतो. हरिदास शहात्तरचे आहेत. चंद्रपूरहून श्रवणयंत्र करून आणलं, ते फक्त लग्नाला आणि विहारात वंदनेला लावतात. मी काठी घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येते. पिंकीला त्या ऑक्टोबरात कोरोना झाला, सतरा दिवसांनी बरी झाली. ती धानोऱ्यालाच आहे, आता वॉर्डाची इन्चार्ज. मायलेकी सध्या तिथे एकाच क्वार्टरमध्ये राहतात, आणि भाजीत तिखट कोणी जास्त टाकलं यावरून वाजलं की दोघीही वेगवेगळा फोन मलाच करतात.